शिबिर नको, आठवड्यातला एक वार द्या

प्रति,
ठाणे–नवी मुंबई पट्ट्यातील नागरी आरोग्य अधिकारी आणि आमचे लोकप्रतिनिधी यांना

स.न.वि.वि.

आमच्या वस्तीजवळच्या सरकारी दवाखान्यात दर गुरुवारी दुपारी बायकांची कॅन्सरसाठी तपासणी व्हायची. तोंड, स्तन आणि गर्भाशयाचं मुख, तिन्हींची. एक सिस्टर, मदतीला एक आशाताई आणि दाराला आतून कडी, एवढाच त्याचा थाट. ती तपासणी आता बंद झाली आहे. दारावर कागद चिकटवला आहे : 'सदर तपासणी यापुढे शिबिरांमार्फत करण्यात येईल.' खाली सही आहे, शिक्का आहे, कारण मात्र नाही. सिस्टरना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, मला दुसऱ्या कामाला लावलंय. वरून आलंय."

ते 'वर' म्हणजे आपण, असं समजून हे पत्र लिहिते आहे. दवाखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की चौकशी त्या सिस्टरची होणार आणि निर्णय जागच्या जागी राहणार, हे मला नोकरीतल्या अनुभवावरून माहीत आहे. शिवाय ही गोष्ट एका दवाखान्यापुरती नाही. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत आणि इकडे वागळे इस्टेटपासून मुंब्र्यापर्यंत माझ्या ओळखीच्या बायकांकडून मी हेच ऐकते : तपासणी म्हणजे शिबिर, आणि शिबिर म्हणजे फेब्रुवारीतला एखादा दिवस.

मी निवृत्त शिक्षिका. मराठी शाळेत शिकवलं, ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच राहिले, अजून तिथेच आहे. हद्दीवरची वस्ती असल्यामुळे एका महापालिकेत राहायचं आणि औषधाला दुसरीत जायचं, हे आमच्या अंगवळणी पडलं आहे.

माझं या विषयाशी नातं सांगायला हवं, नाहीतर 'बाईंना निवृत्तीनंतर वेळ आहे' असं वाटेल. माझ्या मोठ्या जाऊबाई मशेरी लावायच्या. आमच्याकडच्या त्यांच्या वयाच्या कितीतरी बायका लावतात. सकाळी तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास घरात असायचाच. एका संस्थेच्या शिबिरात त्यांच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली : 'पुढील तपासणीसाठी पाठवावे.' कुठे, कोणाकडे, कधी, काहीच लिहिलं नव्हतं. फोन नंबर नव्हता. जाऊबाईंनी ती चिठ्ठी रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट घडी करून ठेवली. सरकारी कागद जपून ठेवायचा असतो, एवढं त्यांना माहीत होतं. नंतर तिखट लागेनासं झालं, मग तोंड उघडेना, आणि तुकडा काढून तपासला तेव्हा गाठ जबड्यापर्यंत पोचली होती. आज त्या आहेत. उजव्या बाजूचा जबडा काढला आहे, मऊ भात आणि वरणाचं पाणी घेतात, लग्नकार्याला जात नाहीत.

आता माझ्या इमारतीतली एक शेजारीण. चाळिशीची, चार घरची धुणीभांडी करणारी. गुरुवारच्या तपासणीत तिच्या गर्भाशयाच्या मुखाशी डाग दिसला. सिस्टरनी तिथूनच मोठ्या रुग्णालयात फोन लावला, कुठल्या खोलीत जायचं ते सांगितलं, आणि पुढच्या आठवड्यात ती जाऊन आली का ते विचारायला आशाताई तिच्या दारात उभी होती. यंत्राने तो भाग शेकून काढला आणि ती त्याच आठवड्यात कामावर गेली. तिला कॅन्सर झालाच नाही. तिचा फोटो कुठल्या फलकावर येणार नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नाही.

आपण जे बंद केलं आहे, ते हे.

'शिबिरात जास्त लोक कव्हर होतात' असं आपल्या एका अधिकाऱ्यांनी आमच्यातल्या बायकांना सांगितलं म्हणे. कव्हर होतात म्हणजे काय होतात, ते मी सांगते. शिबिर असतं शाळेच्या वर्गात नाहीतर लग्नाच्या हॉलमध्ये. बाकांना साड्या बांधून आडोसा करतात. बाहेर मंडळाची पोरं पाण्याच्या बाटल्या वाटत उभी असतात आणि नावं माइकवरून पुकारली जातात. गर्भाशयाची तपासणी आहे म्हटल्यावर तिथे कोण आत जाणार? रक्तदाब मोजून, कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन बायका घरी येतात आणि रजिस्टरमध्ये त्यांची 'तपासणी झाली' अशी नोंद होते. फलकावर मान्यवरांचे चेहरे एवढे मोठे की लक्षणांची यादी खालच्या पट्टीत मावेल तेवढीच. (ऑक्टोबरमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या जागृतीसाठी इमारतींवर गुलाबी दिवे लावतात, त्याबद्दल काही म्हणत नाही. दिसायला छान दिसतात.)

शिबिराची वेळ सकाळी अकराची. त्या वेळी घोडबंदरच्या टॉवरमध्ये आमच्या बायका पोळ्या लाटत असतात. नाक्यावरच्या मजुराचा तो दिवस बुडतो. वाशीच्या बाजारातले माथाडी पहाटेपासून गाड्या खाली करून तेव्हा कुठे पाठ टेकतात. तोंडाची तपासणी सर्वांत जास्त ज्यांना हवी, तेच त्या वेळेला येऊ शकत नाहीत.

पण वेळ आणि जागा उद्या सुधारता येईल. खरा दोष वेगळा आहे. शिबिर संपलं की ते उचललं जातं. ज्या बाईच्या हातात चिठ्ठी पडली, तिला परत जायला ठिकाण उरत नाही. नुसता डाग सापडून कोणाचा जीव वाचत नसतो. सापडल्यानंतर कोणीतरी तिला हाताला धरून पुढच्या दारापर्यंत न्यावं लागतं. ती चट्कन जात नाही. तिला भीती असते, नवऱ्याला काय सांगायचं हा प्रश्न असतो, 'दुखत तर नाही' ही समजूत असते. म्हणून दर आठवड्याला त्याच जागी तीच सिस्टर भेटणं ही चैन नाही. सगळी तपासणी त्या एका गोष्टीवर उभी आहे.

हे माझं घरगुती मत समजू नका. या प्रश्नावर जगात वाचलं जाणारं काम आपल्याच अंगणात झालं आहे. १९९८ पासून परळच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांत सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. तपासणी करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या बायकांना महिनाभर शिकवून त्या कामाला लावल्या. गर्भाशयाच्या मुखाला व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरं दिसतं का बघायचं. आणि हाताने स्तन तपासायचे. दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या. २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आले : गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. स्तनांबद्दलचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. गाठी लवकरच्या टप्प्यावर सापडू लागल्या. सगळ्या वयोगटांचा एकत्रित हिशोब केला तर मृत्यूंतली घट ठाम म्हणावी एवढी नव्हती, पण पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये ती जवळजवळ ३० टक्के होती. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, खेड्यांतल्या एक लाख तीस हजारांवर बायकांचा अभ्यास झाला; हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो त्या एचपीव्हीची चाचणी आयुष्यात एकदाच केली, तरी गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू निम्म्यावर आले, असं २००९ मध्ये छापून आलं. केरळमध्ये तंबाखू-दारू घेणाऱ्यांची तोंडं नुसती डोळ्यांनी तपासली, तरी त्यांच्यातले तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले.

मुंबईच्या त्या अभ्यासावर टीकाही झाली, आणि ती रास्त होती असं मला वाटतं. अभ्यासातल्या निम्म्या वस्त्या तुलनेसाठी ठेवल्या होत्या; तिथल्या बायकांना तपासणी मिळालीच नव्हती, फक्त माहिती मिळाली. त्यांच्यातल्या काही जणी कॅन्सरने गेल्या. त्यांच्या जिवावर जे कळलं ते तरी वापरा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि संशोधन तिथे थांबलेलं नाही. ठाण्याहून पनवेल गाडी पकडली तर तासाभरात खारघर येतं. तिथल्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटाच्याच संशोधन केंद्रात, २०२१ साली देशातली पहिली कार-टी उपचारपद्धती रुग्णाला दिली गेली. यात रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी बदलून कॅन्सरशी लढायला परत सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटाने मिळून ती तयार केली, २०२३ मध्ये तिला मान्यता मिळाली, आणि परदेशातल्या खर्चाच्या साधारण दहाव्या हिश्श्यात ती इथे होते. प्रोटॉन किरणांनी उपचार करणारं सरकारी क्षेत्रातलं पहिलं केंद्रही तिथेच आहे. टाटाच्याच डॉक्टरांनी २०१५ मध्ये दाखवून दिलं की तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला असताना मानेतल्या गाठीही त्याच ऑपरेशनमध्ये काढल्या तर जास्त रुग्ण जगतात. २०२३ मध्ये त्यांनी आणखी साधी गोष्ट मांडली : स्तनाच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती भुलीचं नेहमीचं स्वस्त औषध टोचलं, तर पाच वर्षांनी हयात असणाऱ्या बायकांचं प्रमाण ८६ वरून ९० टक्क्यांवर जातं. हे वाचताना मला अभिमान वाटतो. पण यातल्या बहुतेक गोष्टींचा फायदा लवकर येणाऱ्याला होतो, आणि लवकर आणायचं काम खारघरचं नाही, परळचंही नाही. ते आमच्या वस्तीतल्या दवाखान्याचं आहे. तिथे आज टॉर्चच्या सेलचीही मागणी लिहून द्यावी लागते.

आपल्याकडे नियम नाहीत असंही नाही. केंद्र सरकारने २०१६ मध्येच सांगितलं आहे की तिशी ते पासष्टीच्या प्रत्येकाची तोंडाची, आणि बायकांची स्तन व गर्भाशयमुखाचीही तपासणी दर पाच वर्षांनी झाली पाहिजे. आशाताई घरोघर जाऊन त्यासाठीचा फॉर्म भरतात. माझाही भरला आहे. वय, तंबाखू, कमरेचा घेर, सगळं विचारतात. त्यानंतर तो फॉर्म कुठे जातो? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधीतरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. स्तन आणि तोंड, प्रत्येकी ०.९ टक्के. हे देशाचे आकडे आहेत. आमच्या पट्ट्याचे किती, हे आम्हाला कोणी सांगत नाही. मुंबईची कॅन्सर नोंदणी साठ वर्षांपासून चालू आहे, पण ती मुंबईकरांची. आमचा माणूस परळला जाऊन उपचार घेतो आणि हिशोबात बाहेरगावचा ठरतो.

उपचारांबद्दल थोडक्यात लिहिते. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेची मर्यादा पाच लाखांपर्यंत गेली आणि पांढऱ्या रेशनकार्डालाही ती लागू झाली, हे चांगलं झालं. जाऊबाईंचं ऑपरेशन त्यातूनच पार पडलं. तिथला आरोग्यमित्र खरोखर मित्रासारखा वागला. पण योजना ऑपरेशनच्या टेबलाशी सुरू होते. त्याआधीचा स्कॅन, तुकड्याची तपासणी, रिक्षा, सोबत येणाऱ्याची बुडालेली रोजी, हे सगळं घरातूनच जातं. आणि केमोसाठी लोकलने परळ गाठणं काय असतं, ते अपंगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांना चढता येतं म्हणून कोणाला सोपं वाटत असेल तर त्यांनी सकाळी आठ वाजता कळव्याला उभं राहून बघावं. २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात डे-केअर कॅन्सर केंद्र, म्हणजे केमो घेऊन त्याच दिवशी घरी जाण्याची सोय, करू असं सांगितलं गेलं. आमच्या जिल्ह्यासाठी त्याचा पाठपुरावा कोण करतं आहे, ते नावानिशी कळावं.

लसीबद्दल शिक्षिका म्हणून एक सांगते. २०१८ च्या अखेरीस गोवर-रुबेलाची मोहीम शाळांत आली तेव्हा मोबाइलवर अफवा फिरल्या आणि लसीच्या दिवशी वर्ग ओस पडले. आम्ही आयांना बोलावलं, शाळेच्या व्हरांड्यात बसवलं, डॉक्टरांना त्यांच्यासमोर उभं केलं. त्या दोन तास प्रश्न विचारत होत्या. त्यानंतर मुलं आली. एचपीव्हीची लस आता पुण्यातही बनते. सिरमची सर्व्हाव्हॅक २०२३ मध्ये आली. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींना एक डोसही पुरतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण 'मुलींनाच का? नंतर मूल होईल ना?' हे प्रश्न येणारच आहेत. सुई नंतर आणा, पालकसभा आधी घ्या. आम्ही निवृत्त शिक्षिका त्यात फुकट बसू.

तंबाखूवर लिहायचा कंटाळा आला आहे. गुटखाबंदी २०१२ ची. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही हा कायदा २००३ चा. दोन्ही माझ्या शाळेच्या फाटकावर उभं राहून तपासता येतात. सुपारीची पुडी एक आणि तंबाखूची दुसरी, दोन्ही शेजारी-शेजारी टांगलेल्या. गिऱ्हाईक घरी जाऊन मिसळतं. राज्यातल्या मोठ्यांपैकी चौथा हिस्सा माणसं तोंडाने तंबाखू खातात, चघळतात नाहीतर लावतात, हे २०१६-१७ च्या सरकारी पाहणीतच आहे. अतिक्रमण विभागाची गाडी भाजीवालीची टोपली उचलायला येते, तिने येता येता ती टपरीही बघावी.

आमचं मागणं असं :

गुरुवार परत द्या. प्रत्येक नागरी दवाखान्यात आठवड्यातला एक ठरलेला वार, दुपारी दोन ते सहा, बंद खोलीत, बाई कर्मचाऱ्यांकडून तपासणी. ती सिस्टर किमान दोन वर्षं तिथून हलवू नका आणि तिला निवडणूक, जनगणना, पोलिओ यांत ओढू नका.

चिठ्ठीवर नाव हवं. ज्या बाईत काही सापडलं तिला कुठल्या रुग्णालयात, कुठल्या खोलीत, कोणत्या वारी जायचं आणि अडलं तर कोणाला फोन करायचा, एवढं मराठीत लिहून द्या, मुंब्र्यात उर्दूतही. पंधरा दिवसांत ती पोचली नाही तर तिच्या घरी जाणं हे कोणाचं तरी ठरलेलं, पगारी काम असू दे. ते आशाताईंच्या माथी फुकट मारू नका. आणि हद्दीचा वाद तिच्या अंगावर घालू नका. विटाव्याची बाई ऐरोलीला गेली किंवा दिघ्याची कळव्याला आली, तर 'तुमच्याकडे जा' हे वाक्य तिला ऐकू येता कामा नये. दोन्ही आयुक्तांनी एकदा बसून तसं पत्र काढलं तर त्याला एक पैसा खर्च नाही.

माथाडी आणि नाका कामगारांची तोंडं त्यांच्या जागेवर, त्यांच्या वेळेला तपासा. बाजाराच्या फाटकाशी एक टेबल, एक टॉर्च आणि तोंड पुरेसं उघडतं का, म्हणजे त्यात तीन बोटं उभी जातात का, हे बघणारा एक माणूस, इतकं पुरे सुरुवातीला.

दर तीन महिन्यांनी आकडे दवाखान्याबाहेर लावा. किती जण तपासले हा आकडा मला नको. तो शिबिरवालेही देतात. किती जणांत काही सापडलं, त्यांतले किती पुढे पोचले आणि किती जणांचा उपचार पूर्ण झाला, हे तीन आकडे द्या. वाईट निघाले तरी लावा, आम्ही त्यावरून मोर्चा काढणार नाही. न लावल्यास मात्र काढू.

शिबिरं अगदीच बंद करा असं मी म्हणत नाही. माणसं गोळा करायला, भीती घालवायला ती घ्या, फलकही लावा. फक्त शिबिरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक चिठ्ठीला गुरुवारचा पत्ता असू द्या.

या पत्रासोबत आमच्या बचत गटांतल्या बायकांच्या सह्यांचा अर्ज आवक-जावक खिडकीवर दिला आहे आणि पोच घेतली आहे. भेटीची वेळ मागितली आहे. ती कृपया दुपारी दोननंतरची द्यावी. सकाळी आमच्यातल्या बहुतेक जणी कामावर असतात.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ठाणे-बेलापूर रस्ता